बान्य, काळं पाणी, सेटलमेंट

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

आज वर्गात खोटं बोलले. म्हणजे बोललेच नाही, आणि तेच खोटं होतं.

फ्रेंचचा वर्ग टोरोंटोत नॉर्थ यॉर्कला असतो, दर शनिवारी सकाळी. सगळे माझ्यासारखेच. कॉलेज झालेलं, वर्क परमिट संपत आलेलं, पीआरला, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्याला, पॉइंट कमी पडतात म्हणून फ्रेंच. माझी रूममेट कादंबरी आणि मी एटोबिकोहून एकत्र जातो. एकाच बेसमेंटमध्ये राहतो, एकाच बसने जातो, एकच टिफिन खातो.

धड्यात एक कामगार म्हणतो — या गोदामातलं काम म्हणजे 'बान्य' आहे. वर्गातल्या चिरागने विचारलं, बान्य म्हणजे काय, बाथरूम? सगळे हसले. शिकवणाऱ्या मादाम रोझलिन हसल्या नाहीत. म्हणाल्या, फार चुकला नाहीस.

मग फळ्याकडे पाठ करून सांगत राहिल्या. मूळ शब्द इटालियन — बान्यो, म्हणजे न्हाणीघर. जुन्या इस्तंबूलमध्ये पकडून आणलेल्या गुलामांना एका जुन्या न्हाणीघराच्या जागी कोंडत. कोणी म्हणतं इस्तंबूल नाही, इटलीतलं लिव्होर्नो. काही असो, न्हाणीघर गेलं आणि कोंडवाडा राहिला. फ्रान्समध्ये जहाजांची वल्ही मारणारे कैदी होते. ती जहाजं बंद झाली तेव्हा त्या कैद्यांना बंदरावर राबवलं, ते बान्य. पुढे समुद्रापार गयानाला, न्यू कॅलेडोनियाला पाठवू लागले, तेही बान्य. आणि आता ऑफिसातून दमून आलेला माणूसही सोफ्यावर पडून म्हणतो, 'सॅ ल बान्य!' हा बान्यच आहे.

एक गोष्ट मला बोचली. गयानात शिक्षा संपली तरी घरी जाता यायचं नाही. जितकी शिक्षा तितकीच वर्षं पुन्हा तिथेच राहायचं. शिक्षा मोठी असेल तर जन्मभर. सुटलेला, पण सुटलेला नाही.

मादाम म्हणाल्या, तुमच्या भाषेत अशा जागेला शब्द असेल, तो शोधा, जोडीने पाच मिनिटं बोला. कादंबरीचा हात लगेच वर. "काळं पाणी! अंदमान!" मादाम माझ्याकडे वळल्या — तुझ्या भाषेत आणखी एखादा?

"नों, मादाम."


३ ऑगस्ट

आहे. दुसरा शब्द आहे.

आमच्या सोलापुरात अशा जागेला 'सेटलमेंट' म्हणतात. शब्द इंग्रजांचा, पण आता सोलापूरचाच. काही जमाती जन्मापासूनच गुन्हेगार, असा इंग्रजांनी कायदा केला. चोरी करो न करो. त्या लोकांना पकडून आणून तारेच्या कुंपणात ठेवलं. सकाळ-संध्याकाळ हजेरी. बाहेर जायचं तर पास. कापडाच्या गिरणीत काम. तिथे मुलं झाली, तीही गुन्हेगार. स्वातंत्र्य आलं तरी तार लगेच गेली नाही, आणखी पाच वर्षं होती.

तात्या तारेच्या आत जन्मले. माझे आजोबा.

मी जुळे सोलापूर या नव्या उपनगरात वाढले. बाबांनी नोकरी लागल्या लागल्या तिथे फ्लॅट घेतला, पासपोर्टवर तोच पत्ता. आडनाव जाधव. जाधव म्हटल्यावर समोरचा आपल्याला हवं ते समजतो, आणि मी समजू देते. कॉलेजात समजू दिलं, इथेही. कादंबरी एकदा म्हणाली होती, "तुम्ही जाधव म्हणजे पक्के मराठे ना?" मी हसले होते. हसण्याला उत्तर समजतात, याचा केवढा फायदा!

टोरोंटोला उतरले त्या आठवड्यात एका बाईंनी हातात पत्रक दिलं. वर मोठ्या अक्षरांत 'सेटलमेंट सर्व्हिसेस'. नव्या लोकांना घर, नोकरी, डॉक्टर शोधून देणारी साधी संस्था. वाटलं, यांना कसं कळलं?


७ ऑगस्ट

कादंबरी आमच्या विषयावर वाचत सुटली आहे. कुठलंही काम ती अर्धवट करत नाही. मला फ्लू झाला होता तेव्हा चार दिवस मुगाची खिचडी करून दिली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. वाईट मुलगी असती तर हे सगळं सोपं गेलं असतं.

आज चहा घेताना फोन पुढे केला. "अगं, हे बघ ना! अंदमान सोड, तुझ्या सोलापुरातच होतं. क्रिमिनल ट्राइब्ज सेटलमेंट. तार, हजेरी, सगळं. आणि तू काही बोलली नाहीस!"

"हां, ते... स्टेशनच्या त्या बाजूला काहीतरी आहे."

"तू गेलीयेस का कधी?"

"आमचं तिकडे जाणं नसायचं."

दर दिवाळीला जायचो. पाडव्याला तात्यांकडे.

ती वाचत राहिली. मग अगदी सहज विचारलं, चहाला साखर कमी का असं विचारतात तसं — "पण ते लोक खरंच चोऱ्या करायचे का गं?"

मी काय म्हटलं ते इथे लिहायलाच हवं, कुठेतरी लिहिलं गेलंच पाहिजे. मी म्हटलं, "असतील. म्हणतात तसं."


१० ऑगस्ट, रविवार

तात्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतात. तिथे संध्याकाळ असते. फोन चुलतभाऊ लावून देतो, पण धरतात ते स्वतः, कपाळ आणि पंखा एवढंच दिसेल असा.

सुरुवात आमच्या घरातल्या भाषेत करतात. ती मराठी नाही. कादंबरी जवळपास असली की मी उत्तर मराठीत देते, मग तेही मराठीवर येतात. कधी विचारलं नाही, का म्हणून.

"काय करलालीस गं? थंडी हाय का?"

"ऑगस्ट आहे तात्या. उकडतंय."

कादंबरी पोहे घेऊन आली, माझ्या खांद्यावरून डोकावली. "नमस्कार आजोबा! मी यामिनीची मैत्रीण."

"नमस्कार बाळ. जेवलीस का?"

"हो. आजोबा, तुम्ही जुने सोलापूरकर ना? तुम्हाला ती सेटलमेंट माहितीये का? तारेच्या आतली? तुम्ही पाहिली असेल..."

तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच नीट स्क्रीनमध्ये आला. फोन जवळ घेतला असणार. ते माझ्याकडे बघत होते, कादंबरीकडे नाही.

मी लाल बटण दाबलं.

"अरे, नेटवर्क गेलं वाटतं," मी म्हटलं. कादंबरी म्हणाली, "लाव ना परत." म्हटलं, त्यांच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असतो.

पोहे छान झाले होते. दोनदा घेतले. खाल्ले कसे, कळत नाही.


११ ऑगस्ट

बाबांचा मेसेज. 'तात्या विचारताहेत फोन कट झाला का केला. त्यांना म्हटलं रेंज नसेल.'

मी लिहिलं, 'हो रेंज.'


१३ ऑगस्ट

कादंबरीचे इयरफोन सापडेनात. नवे, भावाने दिलेले. ती सोफ्याच्या गाद्या उचलत होती. मला काही विचारलं नव्हतं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी उठले, माझी बॅग आणली आणि तिच्यासमोर सोफ्यावर उलटी केली. कंगवा, पाकीट, पॅड, ऑफिसचं कार्ड, चुरगळलेली बिलं. मग कोटाचे खिसे बाहेर काढून दाखवले.

"अगं वेडी आहेस का? तुझ्यावर संशय कोण घेतंय?"

इयरफोन तिच्याच जिमच्या पिशवीत होते. ती हसली, मीही हसले. वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बसून राहिले. मला तारेच्या आत कोणी कधी ठेवलं नाही. मग झडती द्यायला मला कोणी शिकवलं?


१६ ऑगस्ट, शनिवार

वर्ग झाला. आमची पाळी पुढच्या शनिवारी. कादंबरीने दोन्ही घ्यायचं ठरवलंय — आधी अंदमान, शेवटी सोलापूर. मला अंदमान दिलं. मी घेतलं.


२३ ऑगस्ट, शनिवार

मी माझं पाठ केलेलं बोलले. तुरुंग, कोलू, बेड्या, समुद्र. ज्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं त्यांच्यापैकी अनेकांची नावं आपण अभिमानाने घेतो, असंही बोलले. मादामनी मान डोलावली.

मग कादंबरी. तिचं फ्रेंच माझ्यापेक्षा चांगलं. तारेबद्दल, हजेरीबद्दल बरोबर बोलली. इंग्रजांना वाईट म्हणाली. मग म्हणाली, या लोकांना 'व्होलर द नेसाँस' म्हणत, जन्मजात चोर.

मागून चिरागचा आवाज आला, हिंदीत. "सब लोग अपना अपना बैग संभालो भाई, सोलापूरवाली खड़ी है!"

वर्ग फुटला. मला उद्देशून होतं ते, सोलापूरची मी एकटीच. त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, नुसता विनोद होता. चिराग अहमदाबादचा, वर्गातला हसवणारा तोच. स्वतःच्या विनोदावर सगळ्यात जास्त तोच हसतो.

मादामना हिंदी कळली नाही. त्यांनी हसू विझू दिलं आणि विचारलं, "जन्मजात? हे कोणी ठरवलं?" मग माझ्याकडे वळून, "तू त्या गावची. ती माणसं आता कुठे आहेत?"

मला वाक्य येत होतं. क्रियापदसुद्धा बरोबर आठवलं होतं.

"ज न से पा," मी म्हटलं. मला माहीत नाही.

आणि हसले. त्या सगळ्यांबरोबर मीही हसले होते, हे लिहायचं राहिलं. पहिल्या हसणाऱ्यांत होते.


२४ ऑगस्ट, रविवार

तात्यांचा फोन आला नाही. मी केला नाही.


२७ ऑगस्ट

ऑफिसात दोन शिपमेंट चुकीच्या गोदामाला पाठवल्या. मॅनेजर म्हणाला, बरी आहेस ना? म्हटलं, फ्रेंचची परीक्षा. सगळ्यांना पटतं ते.

गणपती बसले आज. कादंबरीने हळदीचा छोटा गणपती केला. आरतीला मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, तू हल्ली गप्प का असतेस? मी म्हटलं, काही नाही. ती थोडा वेळ थांबली. आणखी थोडी थांबली असती तर कदाचित सांगितलं असतं.


३१ ऑगस्ट, रविवार

लेबर डेचा वीकेंड, काल वर्ग नव्हता. कादंबरी मैत्रिणींबरोबर नायगाराला गेली. मी नाही म्हटलं. घर रिकामं.

आज सोलापुरात कार्यक्रम असतो. ३१ ऑगस्टला तार गेली म्हणून सेटलमेंटमध्ये झेंडा लावतात, भाषणं होतात, मुलांना वह्या वाटतात. लहानपणी एकदाच गेले होते. नंतर बाबा म्हणाले, परीक्षा असते तुझी. ऑगस्टमध्ये कसली परीक्षा, हे मीही विचारलं नाही.

सकाळी मीच फोन लावला. तात्या पांढरी टोपी घालून बसले होते, कार्यक्रमाहून आलेले. मी आमच्या भाषेत बोलले. इतक्या दिवसांनी, जीभ अडखळत होती. त्यांनी फोन टेबलावर टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे केले. लांबचं बोलायचं असलं की तसं करतात.

"तात्या, त्या दिवशी फोन मी कट केला."

"माहीत हाय."

"रेंज नव्हती असं मी बाबांना..."

"तुझं बोट दिसलं की मला. हे एवढं मोठं." आणि हसले. तात्या हसल्यावर मला रडू आलं. ते थांबले. मग म्हणाले, "मीबी गिरणीत पत्ता निराळा सांगायचो. मुरारजी पेठ म्हणायचो. चालत चालत मुरारजी पेठेपर्यंत जायाचं दोस्तांसंगं, टाटा करायचं, आन् मागं यायचं."

मी विचारलं, तार काढली तेव्हा तुम्ही किती मोठे होता? बारा-तेरा, म्हणाले. काय केलंत मग? पळालात का बाहेर?

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरं पळाली. आम्ही पार तळ्यापर्यंत पळालो. पण माझी आई दुसऱ्या दिवशी पहाटं उठली, केस विंचरले आन् हजेरीला जाऊन हुबी राहिली. एकटी न्हाई, लई बायका होत्या. सायब येईना. ऊन वर आलं. तरी हुब्या. मी म्हटलं आये चल, आता कुणी न्हाई यायचं. तर म्हणाली, अरं पण आपलं नाव कोण घेणार मग?"

मागे कुणाच्या तरी लाउडस्पीकरवर भाषण चालू होतं.

शेवटी तात्या म्हणाले, "तुझी मैत्रीण चांगली दिसती. जेवली का म्हणून मी विचारलं तर हो म्हणाली. त्या पोरीला काय सांगायचं ते तू बघ. न्हाई सांगितलं तरी माझं काही म्हणणं न्हाई."

म्हणणं असतं तर बरं झालं असतं.


५ सप्टेंबर

मादाम रोझलिनना ईमेल केला. उद्या वर्गात दोन मिनिटं हवीत, मागच्या विषयावर. त्यांचं उत्तर एका ओळीचं — दोन का, हवी तेवढी घे.

कादंबरीला आधी सांगायला हवं होतं. ती नोकरीच्या इंटरव्ह्यूची तयारी करत होती, दाराबाहेर उभी राहून ऐकलं आणि परत आले. भित्री ती भित्रीच.


६ सप्टेंबर, शनिवार

बोलले.

लिहून नेलं होतं, पण कागद उघडला नाही. म्हटलं — मादाम, तुम्ही विचारलं होतं, ती माणसं आता कुठे आहेत. मी म्हटलं होतं माहीत नाही. "मों ग्राँ-पॅर ए ने ला-बा." माझे आजोबा तिथे जन्मले. तारेच्या आत. त्यांनी कधी कुणाचं काही घेतलं नाही. त्यांच्या आईनेही नाही. आणि घेतलं असतं, तरी जन्मण्याआधी नाही. पणजी रोज हजेरी द्यायची. तार गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली होती. अशा माणसांपैकी एक इथे बसली आहे. मी.

व्याकरणाच्या चुका झाल्या, भूतकाळात दोन तरी. मादामनी एकही दुरुस्त केली नाही. "मेर्सी, यामिनी," म्हणाल्या, आणि फळ्यावर 'बान्य'च्या खाली 'सेटलमेंट' लिहिलं. त्यांच्या हातचं ते अक्षर बघून मला भीती नाही वाटली. नुसती लाज वाटली, तीही आधीची नाही, वेगळीच. एवढंसं होतं, आणि एवढी वर्षं!

कुणी हसलं नाही. चिराग खाली मान घालून फोन बघत होता.

बसमध्ये कादंबरी खिडकीशी बसली. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, ते खरंच चोर होते का. तू 'असतील' म्हणालीस."

"हो."

"मी वर्गात उभी राहून जन्मजात चोर म्हणाले. तू माझ्या शेजारी उभी होतीस. मला बोलू दिलंस." तिचे डोळे भरले होते, पण रागाने. "मी तुझ्या आजोबांना तोंडावर विचारलं, यामिनी! ते मला जेवलीस का विचारत होते आणि मी..."

"तुला माहीत नव्हतं."

"तू कळू दिलं नाहीस. तू ठरवूनच टाकलंस की मी कशी वागेन."

ती बरोबर होती. आणि मी घाबरले होते तेही चूक नव्हतं. दोन्ही एकाच सीटवर बसून एटोबिकोपर्यंत आलं.


७ सप्टेंबर, रविवार

तात्यांचा फोन. कादंबरी तिच्या खोलीत होती, दार लावलेलं. मी मुद्दाम मोठ्याने बोलले, आमच्या भाषेत. थोड्या वेळाने दार उघडलं. ती येऊन जमिनीवर बसली, माझ्या फोनच्या टप्प्याबाहेर. एक शब्द कळत नव्हता तिला. तरी शेवटपर्यंत बसली.


९ सप्टेंबर

कादंबरीने खिचडी केली. मीठ जास्त. दोघींनी खाल्ली.


१३ सप्टेंबर, शनिवार

कादंबरीचा इंटरव्ह्यू होता, मी एकटीच वर्गाला गेले. सुटल्यावर चिराग म्हणाला, सोडतो, त्याच बाजूला चाललोय. आज पूर्ण वर्गात त्याने एकही विनोद केला नव्हता. गाडीत रेडिओ लावला, बंद केला. मग समोर बघतच म्हणाला, "मेरे दादा भी. अहमदाबाद में. हमारे यहाँ भी तार थी." मी काही बोलायच्या आत — "प्लीज, किसी को बोलना मत." नहीं बोलूँगी, मी म्हटलं. माझ्या घराचं वळण आलं आणि गेलं. थांब असं मीही म्हटलं नाही, आणि तोही थांबला नाही.